फिश टँक माळ्यावर का जातो?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज ठरलेला असतो. ‘दोन फुटी फिश टँक द्यायचा आहे. झाकण, लाइट, पंप, रंगीत खडी सगळं सोबत. हवा असल्यास घेऊन जा.’ फोटोतली टाकी कोरडी असते. काचेवर आडवी पांढरी रेघ, तळाशी प्लॅस्टिकचं झाड आणि बुडबुडे सोडणारा शिंपला. पैसे मागितलेले नसतात, तरी चार-चार दिवस कोणी विचारत नाही. मग ती टाकी सुटकेस आणि आकाशकंदिलाच्या शेजारी माळ्यावर जाते.

त्याच सोसायटीत पाचव्या मजल्यावर इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी राहतो. त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर फूटभराची टाकी आहे. मासे सातच, पण झाडं खरी, लाकडाच्या ओंडक्यावर वाढलेलं हिरवंगार मॉस, आणि त्यात फिरणारे नखाएवढे लाल झिंगे. ते त्यानं कुरिअरनं मागवले. टाकीला दोन वर्षं झाली, अजून छान चालली आहे.

मग पुण्यात घरी मासे पाळायची हौस संपत चालली आहे, की वाढते आहे? बावीस वर्षं मासे पाळतोय, त्या आधारावर सांगतो: हौस कुठेही गेलेली नाही. टाकी घरी आणणारे पुष्कळ आहेत, टिकवणारे थोडे. दोघांमधला फरक पैशाचा नाही आणि वेळेचाही फारसा नाही. एक साधी गोष्ट टाकी विकताना सांगायची राहून जाते, आणि तिच्यापायी पहिल्या महिन्यात मासे मरतात. मेलेला मासा चमच्यानं बाहेर काढताना मुलाचा चेहरा पाहिला की पुन्हा टाकी भरावीशी वाटत नाही. ती गोष्ट कोणती, तेच इथे समजावून सांगतो.

लोखंडी चौकटीपासून भिंतीतल्या टाकीपर्यंत

माझ्या वयाच्या बऱ्याच पुणेकरांनी पहिला मोठा रंगीत मासा पाहिला तो जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानातल्या मत्स्यालयात, किंवा मुंबईला गेल्यावर मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. घरातली टाकी मात्र पहिल्यांदा दिसली डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये. लोखंडी अँगलची चौकट, पुट्टीनं बसवलेल्या काचा आणि कोपऱ्यांत गंज. पुढे सिलिकॉनच्या गोंदानं काचेला काच थेट चिकटवता येऊ लागली, तशी टाकी हलकी आणि स्वस्त झाली आणि फ्लॅटच्या शोकेसमध्ये जाऊन बसली.

त्यानंतर वास्तू आणि फेंगशुईची लाट आली. आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश, दिवाणखान्याची अमुक दिशा. ज्यांना परवडत होतं त्यांच्याकडे अरोवाना आणि डोक्यावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न आला. तेव्हा मोठा अडथळा लोडशेडिंगचा होता. दोन-तीन तास पंप बंद पडला की गर्दीच्या टाकीतले मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागत. 2006 मध्ये ‘पुणे मॉडेल’नं, म्हणजे कारखान्यांनी स्वतःच्या जनरेटरवर वीज बनवून ग्रिडवरचा भार हलका केल्यानं, शहरातलं भारनियमन थांबलं, त्याचा सुस्कारा आम्हा मासेवाल्यांनीही सोडला होता.

2020 च्या लॉकडाउनमध्ये माणसं घरात अडकली आणि माळ्यावरच्या टाक्या खाली आल्या. माझ्या ओळखीतल्याच पाच-सहा घरांत त्या वर्षी पाणी भरलं गेलं. शाळा-ऑफिसं सुरू झाल्यावर त्यातल्या बहुतेक पुन्हा वर गेल्या. जी दोन घरं टिकली, त्यांनी वाट बघायची कला शिकून घेतली होती.

मोरी नसलेलं घर

मासा खातो, श्वास घेतो, शी करतो. नदीत ही घाण वाहून जाते, विरून जाते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत पाणी मावतं जेमतेम 56 लिटर. ते कुठेही जात नाही. स्वयंपाकघर आहे, संडास आहे, पण मोरी नाही, असं ते घर.

माशाच्या शरीरातून मुख्यतः अमोनिया बाहेर पडतो, तोही कल्ल्यांतून सतत. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. तो माशाच्या कल्ल्यांना जाळतो. मासा सुस्त होतो, तळाशी बसतो किंवा वर येऊन धापा टाकतो. पाणी मात्र नितळ दिसत असतं. इथेच सगळे फसतात. अमोनियाला रंग नाही, आणि जेवढ्या प्रमाणात मासा मरतो तेवढ्यात आपल्या नाकाला वासही येत नाही.

निसर्गात ही घाण खाणारे जिवाणू आहेत. एक गट अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतो. तेही विषच. ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवतं, रक्त तपकिरी होतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं, झाडं ते खत म्हणून घेतात. शेतकरी ज्याला नत्र म्हणतात तेच हे. उरलेलं आठवड्याला थोडं पाणी बदललं की बाहेर जातं. या साखळीला नत्रचक्र म्हणतात, आणि टाकीची मोरी म्हणजे हे चक्र.

नव्या टाकीत हे जिवाणू जवळपास नसतातच. ते सावकाश वाढतात. खडीवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये त्यांची वस्ती पुरेशी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण काय करतो? रविवारी सकाळी टाकी घेतो, दुपारी भरतो आणि संध्याकाळी दहा मासे सोडतो. चार-पाच दिवस सगळं छान चालतं. दुसऱ्या आठवड्यात एक मासा जातो, मग रोज एक. दुकानदार निळं औषध देतो, कोणी मीठ टाकायला सांगतं. आजार मुळात नसतोच, मासे आपल्याच घाणीत बुडालेले असतात.

विरजण

दही लावताना आपण काय करतो ते आठवा. कोमट दुधात चमचाभर विरजण घालतो आणि भांडं झाकून बाजूला ठेवतो. रात्रभर हलवत नाही. विरजण नसेल तर दूध नुसतं नासतं. टाकीचंही अगदी असंच आहे. चालू टाकीतल्या स्पंजचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये घातला की सहा आठवड्यांचं काम बरंच लवकर उरकतं. तुकडा नसेल तर रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवायचा, रोज चिमूटभर खाणं टाकायचं, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. मासे नसलेल्या टाकीत खाणं टाकताना घरचे विचित्र नजरेनं बघतात. बघू द्यावं.

चक्र पूर्ण झालं की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट मिळतं. नेहमीच्या किटमध्ये अमोनिया असेल तर नळीतलं पाणी हिरवं होतं, नसेल तर पिवळं राहतं. माशांवर खर्च करण्याआधी या किटवर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

जमलेलं विरजण आपणच फेकून देतो, ते कसं, हे मी समोरच्या काकूंकडे पाहिलं. त्यांची टाकी पाच महिने उत्तम चालली होती. एका शनिवारी दार उघडं होतं म्हणून आत गेलो, तर काकू बेसिनमध्ये स्पंज पिळत होत्या. तपकिरी, गाळासारखं पाणी निघत होतं आणि त्या नळाखाली ते पांढरं होईपर्यंत धूत होत्या. खडी बादलीत घासून ठेवली होती, मासे पातेल्यात. ‘बघ, किती घाण साठली होती!’ त्या म्हणाल्या. ती घाण म्हणजेच पाच महिन्यांचे जिवाणू होते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं उरलेसुरले गेले. पुढच्या आठ दिवसांत त्यांचे चार मासे गेले. काकूंची स्वच्छतेची सवय चांगलीच, पण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. महिन्याला येणारे मेंटेनन्सवालेही पुष्कळदा असंच धुतात, कारण गिऱ्हाइकाला टाकी चकचकीत हवी असते.

योग्य पद्धत सोपी आहे. टाकीतलंच पाणी बादलीत काढा, त्यात स्पंज दोन-तीनदा दाबा, बस. पाणी एका वेळी चौथा हिस्साच बदला. सगळी टाकी कधीही रिकामी करू नका.

खडकवासल्याचं पाणी, बोअरचं पाणी, टँकरचं पाणी

‘एवढं सगळं केलं, तरी मासे मेले,’ असं सांगणारे भेटतात तेव्हा मी आधी विचारतो, राहता कुठे?

पेठांत, कोथरूडला, डेक्कनला नळाला खडकवासल्याच्या साखळीतल्या धरणांचं पाणी येतं. घाटातल्या पावसाचं, मऊ पाणी. त्यात क्लोरीन असतं, आणि असायलाच हवं. पिण्याच्या पाण्यात नळाच्या तोंडाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, असं भारतीय मानक आहे. आपल्याला ते जंतूंपासून वाचवतं आणि माशाचे कल्ले व टाकीतले जिवाणू दोन्ही मारतं. उपाय दोन. बादली उघडी ठेवून चोवीस तास पाणी मुरू द्यायचं, किंवा दुकानात मिळणाऱ्या अँटिक्लोरीनचे थेंब टाकायचे. ज्या दिवशी नळ सोडल्यावर नाकाला वास जाणवतो, त्या दिवशी पाणी बदलूच नये.

वाघोली, बाणेर, हिंजवडीकडे अनेक सोसायट्यांत बोअर आणि टँकर. आपल्याकडच्या काळ्या खडकातून आलेलं बोअरचं पाणी जड असतं. बादलीवर, गीझरमध्ये पांढरा थर धरतो तो त्याचाच. असं पाणी सहसा अल्कधर्मी असतं, आणि त्याचा एक परिणाम फारसा कोणाला माहीत नसतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बराच सौम्य. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, 7 वरून 8 वर गेला की विषारी रूपाचा वाटा सुमारे दहापट होतो. म्हणजे तेवढेच मासे आणि तेवढंच खाणं असलं, तरी कोथरूडच्या टाकीत जी चूक खपून जाते ती वाघोलीत खपत नाही.

यावर आरओचं पाणी भरावं असं सुचवलं जातं. नुसतं आरओचं पाणी भरू नये, त्यात माशाला लागणारे क्षार जवळजवळ उरलेले नसतात. त्यापेक्षा पाण्याला शोभेल असा मासा निवडावा. मॉली आणि गप्पींना जड पाणी आवडतं. निऑन टेट्रा, डिस्कस मऊ पाण्याचे. टँकरचं पाणी दर खेपेला वेगळ्या ठिकाणचं असू शकतं, म्हणून तिथे थोडं-थोडं बदलणं हाच मार्ग.

थंडीचाही विचार हवा. डिसेंबरच्या रात्री पुण्यात पारा दहाच्या आसपास येतो, आणि खिडकीजवळच्या टाकीचं पाणीही गार पडतं. हीटर नको असेल तर झेब्रा डॅनिओ ठेवावा. निळे-रुपेरी पट्टे असलेला, दीड इंचाचा, सतत पळणारा हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला आहे आणि गारवा सहज सोसतो. जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरतात तो हाच. रोझी बार्ब, हनी गुरामीही आपल्याच उपखंडातले. दुकानात ‘इंपोर्टेड’ मासा मागणाऱ्यांना हे सांगताना मला फार आनंद होतो.

‘आमच्या आजोळी हौदात मासे वर्षानुवर्षं जगायचे’

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि ती खरी आहे. माझ्याही आजोळी मागच्या अंगणात हौद होता. कोणी फिल्टर लावला नव्हता, कोणी पीएच मोजला नव्हता, आणि मासे पिढ्यान्‌पिढ्या होते.

पण त्या हौदात हजारो लिटर पाणी होतं आणि मासे पंधरा-वीस. भिंतींवर बोटभर शेवाळ, त्यात गोगलगायी. विहिरीचं पाणी, म्हणजे क्लोरीन नाही. खाणं कोणी टाकत नव्हतं, मासे डासांच्या अळ्या खायचे. म्हणजे वर सांगितलेलं चक्र तिथे पुरेपूर चालू होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. 1850 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं दोन छोटे गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून हेच दाखवलं होतं: झाडं, प्राणी आणि घाण खाणारे जीव यांचा मेळ बसला तर बंद भांड्यातलं पाणीही जिवंत राहतं. पाचव्या मजल्यावरच्या त्या मुलानं टेबलावर जे केलंय तो आजोळचा हौदच आहे.

काचेचा गोल बाउल आणि नऊ गोल्डफिश

बाउलमध्ये फायटर मासा जगतो, हे खरं. त्याच्या डोक्यात एक अवयव असतो, ज्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. पण अमोनियापासून त्याची सुटका होत नाही. तीन लिटरच्या बाउलमध्ये तो मरत नाही एवढंच. पंधरा-वीस लिटर पाण्यात सोडून बघा. तोच मासा पिसारा फुलवून हिंडतो, आपल्याला ओळखतो, खाण्याच्या वेळी काचेशी येतो. माशाची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते हे निव्वळ खोटं आहे.

गोल्डफिशचं मला खरंच वाईट वाटतं. दहा-पंधरा वर्षं जगू शकणारा, वीतभर वाढणारा, भरपूर खाणारा आणि तेवढीच घाण करणारा हा मासा आपण नवशिक्याचा मासा म्हणून देतो. वास्तूसाठी नऊ मासे हवेत अशी श्रद्धा असेल तर ती असू द्या. पण ते नऊ गोल्डफिश दोन फुटांच्या टाकीत बसत नाहीत. तेवढ्या जागेत नऊ छोटे गप्पी सुखानं राहतील, तेही सगळे नर घेतले तर. नर-मादी एकत्र ठेवले तर तीन महिन्यांत नव्वद होतील.

केंद्र सरकारनं 2017 मध्ये यावर नियम आणले होते. बाउलमध्ये मासे ठेवायला मनाई आणि 158 जातींवर बंदी. दुकानदारांनी आणि मासे वाढवणाऱ्यांनी विरोध केला, आणि काही महिन्यांत नियम मागे घेतले गेले. 158 जातींची यादी मलाही पटली नव्हती. बाउलची मनाई मात्र राहायला हवी होती.

खर्च किती?

पाच वॅटचा फिल्टर चोवीस तास चालला तर महिन्याला साधारण साडेतीन युनिट. बारा वॅटचा एलईडी रोज सात तास, अडीच युनिट. एकूण सहा. हीटर लावला तर थंडीत वाढेल. रोजचा वेळ खाणं घालण्याचा, दोन मिनिटं. आठवड्याला पाणी बदलायला अर्धा तास.

नको झालेला मासा कुठे जातो

हा भाग वगळून पुढे जाऊ नका, कारण त्याचा संबंध आपल्या टाकीपुरता नाही.

दुकानात ‘काच साफ करणारा’ म्हणून दोन इंचांचा काळा सकर मासा देतात. तो दीड फुटांपर्यंत वाढतो. टाकीत मावेनासा झाला की दयाळू माणूस तो मारत नाही, नदीत सोडतो. हातून पुण्य घडलं असं त्याला वाटतं. पुण्यात मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीच्या जलाशयात जाते. उजनीतल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आता हा सकर सापडतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत आणि टोकदार काटे, त्यामुळे जाळं फाटतं. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला तर तो हवा गिळून तगतो, म्हणजे आपल्या नद्यांतल्या घाणीत देशी मासे मरतात तिथे हा राहतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. बाजारात त्याला भाव नाही. पुण्यातल्या एका घरातली भूतदया दीडशे किलोमीटरवरच्या कोळ्याच्या पोटावर अशी येते.

‘मग गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा असं सरकारच सांगतं ना?’ सांगतं, आणि बंदिस्त हौदात, पाण्याच्या टाकीत, बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात ते उपयोगी आहे. गप्पीही मूळचे दक्षिण अमेरिकेकडचेच. ओढ्यात, तळ्यात सोडले की तिथल्या छोट्या देशी माशांच्या अन्नावर आणि पिल्लांवर ते हात मारतात. बंद हौद आणि वाहतं पाणी, यात रेघ मारली पाहिजे.

नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा. बरेच जण फुकट दिला तर घेतात. नाहीतर पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकावा. सकर तर मुळात आणूच नये. काच साफ करायला जुनं एटीएम कार्ड पुरतं.

आता परत काकूंकडे. चार मासे गेल्यावर त्यांनीही ग्रुपवर तो मेसेज टाकला होता. मी तो वाचला आणि माझ्या फिल्टरमधला स्पंज अर्धा कापून, टाकीच्याच पाण्यात बुडवून, श्रीखंडाच्या डब्यातून त्यांच्याकडे नेला. अठरा दिवस त्यांची टाकी उरलेल्या दोनच माशांवर चालली. दर दोन दिवसांनी मी पाणी तपासायचो आणि नळी हिरवी आली की चौथा हिस्सा पाणी बदलायचो. एकोणिसाव्या दिवशी काकूंनी स्वतः थेंब मोजले आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली. पाणी पिवळं होतं. ग्रुपवरचा मेसेज त्यांनी त्या संध्याकाळी काढून टाकला.